शिरा, सिरा आणि शिराझ

“शिरा नाही गं आक्का, सिरा!” रणजितमामा म्हणाला.

“तेच म्हणतेय मी. सत्यनारायणाला करतात तो.”

“तो शिरा. हा सिरा. फ्रान्समध्ये असंच म्हणतात.”

“फ्रान्समध्ये काय म्हणायचं ते म्हणू देत,” मोठे मामा मध्येच म्हणाले. “बाकी सगळं जग शिराझ म्हणतं. बाटलीवर काय लिहिलंय ते वाच.”

“तुझ्या बाटलीवर, दादा. माझ्या बाटलीवर वाच की जरा.”

आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. तिला एकाच द्राक्षाची ही दोन्ही नावं चांगली ठाऊक होती. घरामागच्या उतारावर तिनं तीच द्राक्षं लावली होती. पण दोन्ही भाऊ परदेशातून आले, की दोन दिवस अडाणी व्हायचं हा तिचा जुना शिरस्ता होता. म्हणायची, “त्यांना शिकवायला बरं वाटतं गं. एवढ्या लांबून येतात बिचारे.”

आमचं शेत दिंडोरीच्या पुढे, धरणाच्या पाण्याला लागून. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले आणि आई मला घेऊन माहेरी आली. आजोबांच्या मागे ही शेती तिनंच पाहिली. खायची द्राक्षं काढून तिनं वाईनची लावली, तेव्हा गावातल्या लोकांनी तिला वेड्यात काढलं होतं. तिचे दोन्ही भाऊ बाहेर. मोठे धैर्यशीलमामा ऑस्ट्रेलियात ॲडलेडला, पूल बांधणारे इंजिनिअर. धाकटा रणजितमामा फ्रान्समध्ये लिआँला, कॉलेजात गणित शिकवायचा. त्यानं लग्न केलं नव्हतं. मोठ्या मामांना मी अहोजाहो करायचे आणि धाकट्याला अरेतुरे. का, ते विचारू नका. लहानपणापासून तसंच होतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि जवळच्याच एका वायनरीत नोकरी करत होते. मुंबईहून आलेल्या लोकांना ग्लास दांडीला धरायचा असतो हे शिकवायचं, आणि तरी त्यांनी तो पोटालाच धरला तर हसत राहायचं, हे माझं काम. आईची द्राक्षं आमच्याच वायनरीत जायची.

त्या डिसेंबरात दोघे मामा बऱ्याच वर्षांनी एकाच वेळी आले. धाकटा आठवडाभर आधी, मोठे मामा नि शैलजामामी नाताळानंतर. फोनवरच ठरलं होतं, की एकाच द्राक्षाच्या वेगवेगळ्या मुलखांतल्या वाईन आणायच्या आणि ताडून बघायच्या. आईनं एकच अट घातली होती. “सणावाराची बाटली आणू नका. साधी, मंगळवारी जेवताना उघडता ती आणा. महागाची चांगलीच असणार, त्यात बघायचं काय?”

तर त्या दुपारी काळ्या मसाल्याचं मटण, भाकरी, आणि ओट्यावर चार बाटल्या. ऑस्ट्रेलियाची मोठ्या मामांची, फ्रान्सची धाकट्याची, दक्षिण आफ्रिकेची मी मुंबईहून मागवलेली, आणि चौथी आमच्या वायनरीची, म्हणजे निम्मीअधिक आईचीच.

मोठ्या मामांनी स्वतःची बाटली आधी उघडली. वाईन गडद, जवळजवळ काळी. एका घोटात तोंड भरून जात होतं. पिकलेल्या जांभळाचा मुरांबा, वर चॉकलेटचा वास, आणि घशाखाली उतरताना चांगलीच ऊब. “हे ऊन!” मामा म्हणाले. “द्राक्षानं पोटभर ऊन खाल्लंय. लपवाछपवी नाही.”

“लपवायला काही शिल्लकच नाही,” धाकटा म्हणाला. “मटण कुठं गेलं? मला तर फक्त मुरांबा लागतोय.”

मग त्याची उघडली. ती अंगानं सडपातळ, जरा आंबटसर. पहिल्या घोटाला काहीच नाही असं वाटायचं आणि मग मागून काळी मिरी यायची. भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून खाल्ला आणि वर ही प्यायली, की दुसरा तुकडा मोडावासा वाटायचा.

“पाणी घातलंय का रे यात?” मोठ्या मामांनी विचारलं.

आफ्रिकेची दोघांनाही परकी, त्यामुळे दोघांनीही तिच्याकडे दुर्लक्ष केलं. माझ्या मते त्या किमतीत ती सगळ्यांत उजवी होती. थोडी धुराची, थोडी भाजलेल्या मांसाची, फळही भरपूर. मटणाशी तिचं छान जमलं होतं. मी तसं म्हटलंही, पण दोन भाऊ भांडत असले की तज्ज्ञाला कोण विचारतो!

शेवटी आमची. जांभूळ, लवंग, जराशी निलगिरी. मऊ, पण शेवट जरा लवकर व्हायचा. मोठ्या मामांनी एक घोट घेतला, ओठ आवळले आणि म्हणाले, “बरी आहे. आपल्याकडच्या मानानं बरीच बरी आहे.”

आईनं मटणाचं पातेलं त्यांच्यापुढून उचललं आणि शैलजामामींच्या पुढे ठेवलं. रणजितमामानं मात्र आपला ग्लास रिकामा केला आणि पुन्हा भरला.

जेवणं झाली, ताटं उचलली आणि मग मोठ्या मामांनी घसा साफ केला. तो घसा साफ होण्याची वाट आई सकाळपासूनच पाहत होती, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

“आक्का, तो रिसॉर्टवाला परवा येणार आहे.”

“येऊ दे की. चहा देईन.”

“चेष्टा नको. धरणाकाठची जागा म्हणून एवढी किंमत देतोय, असा योग परत येत नाही. तुला नाशकात चांगला फ्लॅट घेऊ. लिफ्ट असलेला, दवाखान्याजवळ. तेजू दिवसभर कामावर. तू इथं एकटी. मागच्या महिन्यात पाय घसरून पडलीस, ते मला तेजूनं सांगितलं, तू नाही.”

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी ओटा पुसायला लागले.

जमीन तिघांच्या नावावर होती. तिघांच्या सह्या लागणार होत्या. मोठे मामा वाईट मनानं बोलत नव्हते, हेच अवघड होतं. त्यांना तिची काळजी खरोखरच होती. शिवाय ॲडलेडला मुलाचं घर व्हायचं होतं, हेही खरं होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

“रणजित, तुझं काय?” आईनं विचारलं.

रणजितमामा ग्लासच्या कडेवर बोट फिरवत होता. “मी दादाला शब्द दिलाय, आक्का. तो म्हणेल तिथं सही करीन.”

आईनं पदराला हात पुसले. मला वाटलं, आता ती रडेल किंवा भांडेल. तिनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही. खुर्ची ओढून बसली आणि उरलेल्या बाटल्यांकडे बघत मोठ्या कौतुकानं म्हणाली, “धैर्यशील, तुला ही सगळी चव अगदी स्पष्ट कळते का रे? म्हणजे मला तर चारही आंबटच लागल्या.”

“सवयीनं कळते,” मोठे मामा जरा फुलले. “आमच्या क्लबात दर महिन्याला हेच चालतं.”

“डोळे मिटून कळेल?”

“झोपेत कळेल!”

“मग लाव पैज.”

शैलजामामींनी पान लावता लावता मान वर केली. त्यांना आपल्या नणंदेचा स्वभाव नवऱ्यापेक्षा जास्त माहीत होता.

“उद्या दुपारी तेजू चार पेले भरून ठेवील,” आई म्हणाली. “आपापल्या मुलखाचा पेला कुठला ते तुम्ही दोघांनी सांगायचं. दोघांपैकी एकानं जरी बरोबर सांगितलं, तरी परवा त्या माणसासमोर मी सही करते. चहासुद्धा देते. आणि दोघंही चुकलात, तर मी आहे तोवर या घरात हा विषय कुणी काढायचा नाही.”

“अगं, असल्या गोष्टी पैजेवर ठरवतात का?” मोठे मामा म्हणाले.

“भीती वाटत असेल तर राहू दे.”

झालं. आमच्या आजोळात हे वाक्य उच्चारलं, की माणूस विहिरीतसुद्धा उडी मारायचा.

“मला यात कशाला ओढतेस?” धाकटा म्हणाला.

“सही तुझीही आहे ना? मग जीभही लाव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईबरोबर मागच्या ओळींतून फिरत होते. मण्यांत नुकतंच पाणी उतरायला लागलं होतं. हिरव्या घडांत मधूनच एखादा मणी जांभळा झालेला. आई एकेक घड हातात घेऊन बघत होती आणि मी तिच्या मागून कुरकुरत होते.

“काय करून बसलीस हे? मोठे मामा बढाया मारतात, पण जीभ चांगली आहे त्यांची. ऑस्ट्रेलियाची नि फ्रान्सची वाईन शेजारी ठेवली, तर फरक आंधळ्यालाही कळेल.”

“शेजारी ठेवली तर ना?” आई म्हणाली.

मी थांबले.

“चारी पेल्यांत एकच ओत,” ती म्हणाली. “वेगवेगळ्या ओतायच्या असं मी कुठं म्हटलंय? चार पेले म्हटलं.”

मला इतकं हसू आलं, की मला तारेला धरून उभं राहावं लागलं. हसू ओसरलं आणि मग घाबरले. “कुठली ओतायची?”

“जी जास्त उरली असेल ती. ऑस्ट्रेलियाची बरीच आहे.”

“आई! ऑस्ट्रेलियाची ओतली तर मामा कुठलाही पेला उचलतील आणि जिंकतील!”

आईनं हातातला घड सोडला. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. “असं होय? मग फ्रान्सचीही नको. आपलीच ओत.”

“आणि रणजितमामा? तो आल्यापासून रोज संध्याकाळी तुझ्यासोबत आपलीच पितोय. त्याला कळलं तर?”

“कळलं तर कळलं.” तिनं पुढचा घड धरला. “कुणी म्हणालं, की यात माझी वाईन नाहीच, तर मी हरले. सही करीन. खोटी पैज नाही लावलेली मी.”

ते तिनं इतक्या सरळ आवाजात सांगितलं, की माझं उरलेलं हसूही गेलं. ती खरंच करणार होती.

आता रंग. एकाच बाटलीतली वाईन चार काचेच्या ग्लासांत दिसायला एकसारखी दिसणार, मोठे मामा एका नजरेत पकडणार. त्यावर आईनं स्टीलचे पेले काढले. ताक प्यायचे.

“स्टीलमध्ये वाईन?” दुपारी मोठे मामा किंचाळलेच.

“रंग बघून तर कुणीही सांगेल,” आई म्हणाली.

मीही नोकरीतला गंभीर चेहरा लावला. “मोठमोठ्या परीक्षांत काळ्या काचेचे ग्लास वापरतात, मामा. रंग दिसू नये म्हणून. आपल्याकडे ते नाहीत.”

हे खरं होतं, त्यामुळे मामा कुरकुरत खुर्चीवर बसले. पेल्यांवर मी माझ्या टिकल्या चिकटवल्या होत्या. लाल, हिरवी, निळी, पिवळी. मामी निकाल द्यायला मध्ये बसल्या. आई एका बाजूला शेंगा सोलत होती. तिची नजर शेंगांवर होती, पण टरफलं ती दाण्यांच्या वाडग्यात टाकत होती.

मोठ्या मामांनी लाल टिकलीचा पेला उचलला. वास घेतला, घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले.

“हं. मऊ आहे. ही इथली किंवा आफ्रिकेची.”

आईच्या हातातली शेंग अडकली.

रणजितमामानं त्याच पेल्यातली आपली वाटणी प्यायली. एकदा आईकडे बघितलं, एकदा खिडकीबाहेर. मग म्हणाला, “आफ्रिका. धूर येतोय.”

धूर! मी मनात म्हटलं, गणिताचा मास्तर तो गणिताचाच मास्तर.

हिरवी टिकली. मोठ्या मामांनी दोन घोट घेतले, कपाळाला आठी घातली. निळी टिकली. एक घोट घेऊन त्यांनी पेला खाली ठेवला. परत लाल उचलला, परत निळा.

“गंमत आहे,” ते सावकाश म्हणाले. “मला हे सगळे जरा सारखेच लागतायत.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. आणखी एक वाक्य, आणि सगळं संपलं असतं. मोठे मामा पेल्यात वाकून बघत होते, आणि त्यांच्या जिभेवर खरं उत्तर आलेलं होतं.

“सारखे?” रणजितमामा जोरात हसला. “दादा, काय बोलतोस तू! निळीत मिरी इतकी आहे, की ठसका लागेल. माझी आहे ती, डोळे झाकून सांगतो. आणि तुझी हिरवी. एवढा मुरांबा भरलाय आणि तुला सारखं लागतंय? क्लबात सांगू नकोस हं हे कुणाला.”

मोठ्या मामांचे कान लाल झाले. “सारखं म्हणजे... एका जातीचं आहे, असं म्हणत होतो मी.”

“जात एकच आहे, ते बाटलीवर लिहिलंय.”

“थांब जरा, घाई करू नकोस.” त्यांनी हिरवी टिकली पुन्हा उचलली. या वेळी चांगला मोठा घोट घेतला. आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. असा उजळताना मी माणूस पाहिलेला नाही. “हां! आलं. आता आलं. जांभूळ आहे, चॉकलेट आहे. आणि ती मागून येणारी ऊब. अरे, हे आमचं ऊन! वा! शैलजा, लिहून घे, हिरवी. बाकी तिन्हींत असला दम नाही.”

“निळी माझी,” धाकटा म्हणाला.

“पिवळी तर प्यायलाच नाहीत तुम्ही,” मामी म्हणाल्या.

“प्यायची गरज नाही,” मोठे मामा म्हणाले. “उरली ती इथली.”

आई उठली. आत गेली, आणि बाटली घेऊन आली. आमची. रिकामी. तिनं ती टेबलाच्या मधोमध ठेवली.

“ही लालमध्ये,” ती म्हणाली. “हिरवीतही हीच. निळीतही. आणि पिवळीत तर आहेच, ते धैर्यशीलनं न पिताच ओळखलं.”

मोठ्या मामांनी पिवळा पेला उचलून एका दमात प्यायला, आणि मग हिरव्यातला उरलेला.

“ही फसवणूक आहे!”

“कसली?”

“चार पेले म्हणालीस!”

“मोज की.”

“माझ्या मुलखाचा पेला ओळख म्हणालीस!”

“मग नाहीये म्हणायचं होतं. तुला तर चॉकलेट सापडलं.”

शैलजामामींना आता राहवेना. आधी त्यांनी पदर तोंडाला लावला, मग पानाचा डबा बाजूला सारून त्या इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. “अहो, आमचं ऊन म्हणालात! आमचं ऊन!”

“शैलजा, निकाल नीट दे!”

“दिला. नणंदबाई जिंकल्या. तुमच्या तोंडानंच दिलात तुम्ही.”

मोठे मामा रणजितमामाकडे वळले. “तू तरी बोल! ही पैज धरायची का?”

रणजितमामानं हात जोडले. “दादा, मी तुझ्याहून मोठा गाढव ठरलो. मला मिरीचा ठसका लागत होता. हरलो आपण. शब्द म्हणजे शब्द.”

मोठे मामा तरातरा बाहेर गेले. खिडकीतून मला ते मागच्या उतारावर दिसत होते, ओळींच्या मधून पाठीमागे हात बांधून येरझारा घालणारे. त्या ओळींच्या जागी त्यांच्या लहानपणी भुईमूग असायचा. बऱ्याच वेळानं ते परत आले, तेव्हा राग उतरलेला नव्हता, पण बुटाला माती लागली होती.

“रिसॉर्टवाल्याला मी नको म्हणून कळवतो,” ते आईला म्हणाले. “पण माझ्याही दोन अटी आहेत. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा. आणि रात्री सोबतीला कुणीतरी बाईमाणूस ठेवायचं. यात पैजबिज नाही.”

“बरं,” आई म्हणाली. इतक्या लगेच, की ते दचकलेच.

मग ते खुर्चीवर बसले आणि थोड्या वेळानं, कुणाकडेही न बघता, त्यांनी विचारलं, “तेजू, ती वाईन खरंच तेवढी चांगली आहे का गं?”

“तुम्हीच सांगितलंत ना मामा, दम आहे म्हणून.”

“हं,” ते म्हणाले. “दुसरी बाटली आहे का?”

त्यानंतर दोन दिवसांनी मी रणजितमामाला मुंबईला विमानतळावर सोडायला निघाले. कसारा घाट उतरल्यावर शहापूरच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. मी त्याची फिरकी घ्यायची म्हणून म्हटलं, “मामा, पुढच्या वेळी तुझ्यासाठी ताकच ठेवते. मिरी घालून.”

तो हसला नाही. चहा ढवळत म्हणाला, “तेजू, लालमधला पहिला घोट घेतला तेव्हाच मला कळलं.”

“काय?”

“तुमची आहे ते. आठ दिवस रोज पितोय मी. निळीतला घोट घेतला तेव्हा तर आक्कानं काय केलंय तेही कळलं. आणि त्याच वेळी दादालाही कळायला लागलं. नशीब, तो तोंडानं मोठ्यानं बोलला.”

मी कप खाली ठेवला. तो जोरात हसलेला क्षण माझ्या डोळ्यांपुढं आला. क्लबात सांगू नकोस हं. मोठ्या मामांच्या जिभेवर आलेलं खरं उत्तर त्यानं त्यांच्याच अभिमानानं परत ढकललं होतं, आणि तेवढ्यासाठी स्वतः गाढव झाला होता.

“मग सही करणार नाही असं सरळ का म्हणाला नाहीस?” मी विचारलं. “पहिल्याच दिवशी? आईनं तुला विचारलं होतं की.”

“दादाला? मी?” तो म्हणाला. “बाबा आजारी होते तेव्हा दादाला ऑस्ट्रेलियाचं बोलावणं आलं होतं. मला फ्रान्सचं. एकालाच जाता येत होतं. तो म्हणाला, तू जा, मी शेत बघतो. दोन वर्षं राहिला इथं. त्याचा हात नांगराला कधी बसला नाही, लोक हसायचे त्याला. त्याचं बोलावणं परत येईल की नाही, कुणाला माहीत होतं? त्यानं मला एक शब्द मागितला आयुष्यात. तो कसा मोडणार होतो मी?”

“म्हणून हरलास.”

“हरायला कुणाची परवानगी लागत नाही.” आता तो हसला. “तशी आक्का मला लहानपणी फार मारायची. पण ती जागा तिची आहे गं. आम्ही दोघं पाहुणे.”

विमानतळावर उतरताना त्यानं बॅग खांद्याला लावली आणि परत गाडीच्या खिडकीशी वाकला. “हे आक्काला सांगू नकोस. कधीच नाही.”

“का? तिला आनंद होईल.”

“नाही होणार,” तो म्हणाला. आणि गेला.

मी परत आले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. मोठे मामा न्हाणीघरात प्लंबरला दांडा किती उंचीवर हवा ते स्वतःच्या अंगानं वाकून दाखवत होते. आई मागच्या अंगणात बसली होती. परवाचीच निळी टिकली एका पेल्याला अजून चिकटलेली होती, आणि तोच पेला घेऊन ती चहा पीत होती.

पुढे ती त्या घरात अकरा वर्षं राहिली आणि गेली तीही तिथंच, तोडणी आटोपल्यावर. पण त्या संध्याकाळी तिनं मला शेजारी बसवलं, आणि तिचा चेहरा मला काही ओळखीचा वाटेना. दोन दिवस ती पैज जिंकल्याच्या तोऱ्यात होती, तो तोरा कुठंतरी गेला होता.

“वाटेत काय बोलला रणजित?”

“विशेष काही नाही. झोपला होता.”

“तेजू, खरं सांग. त्याला कळलं होतं का गं?”

“काय?”

“पेल्यांचं. मला राहून राहून वाटतंय. तो असाच होता लहानपणी. पत्ते खेळताना मी हरायला आले, की हुकमाचं पान दाबून ठेवायचा आणि दुसरं टाकायचा. सगळ्यांना वाटायचं, हा बावळट आहे. मला कळायचं. मी त्याला बदडून काढायचे त्याबद्दल.” तिनं पेला खाली ठेवला. “ही जागा मी माझ्या अकलेनं राखली असेल तर ठीक. त्यानं मला दिली असेल, तर मला जन्मभर टोचत राहील.”

ती माझ्याकडे बघत होती. शेंगा सोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. आता बघत होती, आणि तिला फसवणं सोपं नव्हतं.

मी तोंड वाकडं केलं. “काहीतरीच काय आई? अगं, आपल्या वाईनमध्ये त्याला आफ्रिकेचा धूर आला. निळीत मिरीचा ठसका लागला. मी रोज पन्नास लोकांना वाईन पाजते, पण असला ठार जिभेचा माणूस नाही पाहिला. त्याला त्यातलं खरंच काहीही कळत नाही.”

आई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

“इतकी वर्षं फ्रान्समध्ये राहून,” ती सुस्कारा टाकत म्हणाली, “बिचारा!”